ओठांवरचं वर्तमानपत्र

कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात कान गमावलेल्या म्हाताऱ्यांसाठी मी लिंबायतच्या वाचनालयातल्या कर्मचाऱ्यांना पॉडकास्ट शिकवायला गेलो. एवढा मी शहाणा.

तिथला शिपाई पूर्वी लूमवरच होता; त्या आवाजात सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलणं ओळखायचे. दुपारी तो त्या निरक्षर म्हाताऱ्यांना बातम्या वाचून दाखवायचा, आवाज न करता, नुसते ओठ हलवत. स्वप्नात असल्यासारखे ते त्याच्या तोंडाकडे बघत हसायचे, हळहळायचे. महिनाअखेर तो निवृत्त होऊन कामरेजला लेकीकडे जाणार होता. मग यांना वाचून दाखवणार कोण?

मी त्याच्यासमोर माइक ठेवला. रेकॉर्डिंगमध्ये फक्त पंखा ऐकू आला.

“साहेब, व्हिडिओ शिकवा ना,” तो हळूच म्हणाला. “तिकडून रोज पाठवत जाईन.”

पहिल्या व्हिडिओच्या सुरुवातीला मीच चार शब्द बोललो. पडद्यावर मला बघून एक आजोबा शिपायाला ओरडून म्हणाले, “भाऊ, याले काढून टाक! ओठ लय हालतात, सांगत काहीच नाही.”