पाच स्टार, शुक्रवारपर्यंत

मी खोटं लिहिलं ते एका शुक्रवारी, जेवायला उठण्याआधी. टीमलीडने ग्रुपवर मेसेज टाकला होता. नोकऱ्यांच्या अमुक वेबसाइटवर सगळ्यांनी आपल्या कंपनीविषयी मत नोंदवायचं, नाव द्यायची गरज नाही, पाच स्टार द्यायचे आणि स्क्रीनशॉट त्याला पाठवायचा. नाव नको, पण स्क्रीनशॉट हवा! आमच्या मताची एवढी काळजी आधी कुणी केली असेल तर शपथ.

तेव्हा मी पुण्याचं बिऱ्हाड आवरून बदनापूरला आईकडे राहायला आले होते आणि घरूनच काम करत होते. लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो. पाच मिनिटं माऊस हलला नाही की तो पिवळा होतो आणि 'कुठे आहात?' असा मेसेज येतो. मोरीत गेले तरी येतो. शेवटी आईनेच ते काम अंगावर घेतलं. भाकरी थापता थापता उठून ती पिठाच्या हाताने माऊस ढकलायची आणि म्हणायची, "माणसं सांभाळून राह्यलेत का शेळ्या?"

अशा कंपनीविषयी मी लिहिलं, 'इथे वरिष्ठ घरच्यासारखी विचारपूस करतात.' लिहिताना मला हसू आलं होतं, हे आज आठवलं तरी स्वतःच्या मुस्काटात मारावंसं वाटतं.

पुढे काही महिन्यांनी शेजारची मुलगी पेढे घेऊन आली. नुकतीच इंजिनिअर झालेली. तिला आमच्याच कंपनीत, पुण्याच्या ऑफिसात नोकरी लागली होती. जालन्याच्या एका कॉलेजातही शिकवायला बोलावलं होतं. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी घरी. तिला शिकवायचंच होतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मी म्हटलं, "मग कॉलेजचंच घे ना."

"मी पण तेच ठरवल्तं, ताई. पण मंग सगळे रिव्ह्यू वाचले. हे बघा." तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "घरच्यासारखी विचारपूस करतात म्हणे. पप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणले, पोरगी एकटी पुण्याला जाणार, अशीच जागा पाहिजे. कालच कॉलेजला न्हाई म्हणून कळवलं."

शब्दन् शब्द माझा होता. पेढा हातातच राहिला. मग मी तिला सगळं सांगितलं. शुक्रवार, स्क्रीनशॉट, हिरवा ठिपका, दोन दिवस सुट्टी मागितली की महिनाभर ऐकावे लागणारे टोमणे. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग लिहिलं कशाला, ताई?"

"सगळ्यांनीच लिहिलं," मी म्हणाले. याहून नालायक उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलेलं नाही.

तिथल्या तिथे मी तिला कॉलेजात फोन लावायला लावला. जागा सकाळीच भरली होती.

मग मी टीमलीडला फोन करून फैलावर घेतलं. तो म्हणाला, मलाही वरून आलंय. वरच्यांना आणखी कुणी वरच्यांनी सांगितलेलं. सगळे आज्ञाधारक, कुणाचाच दोष नाही, आणि बदनापूरच्या स्टेशनवर एक मुलगी दोन बॅगा घेऊन उभी. तिने घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला सोडायला आलेले पप्पा मला म्हणाले, "तुमचीच कंपनी हाये, आता काळजी न्हाई." मला त्यांच्याकडे बघवलं नाही. त्या दिवशी मी आईसमोर तावातावाने म्हटलं, राजीनामा तोंडावर फेकते. अजून फेकलेला नाही.

परवा तिचा पुण्याहून फोन आला. पाच मिनिटंच आहेत म्हणाली. तिचा माऊस हलवायला तिथे कुणी नाही.

"ताई, आमच्या टीमलापण रिव्ह्यू लिहायला सांगितलंय. पाच स्टार. शुक्रवारपर्यंत."

"लिहू नकोस," मी जवळजवळ ओरडलेच. "काय करायचं ते करू देत त्यांना!"

"टाकला पण मी. काहीच सुचून न्हाई राह्यलं, मंग तुमचंच वाक्य टाकलं. पप्पा अजून बघतात ना ती साइट."