गिअरमध्ये उभी केलेली गाडी

मुलुंडमधल्या त्या गाडीचोरीचा तपास निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही.

गाडी जुनी जपानी स्पोर्ट्स कार होती. दोन दारांची, बुटकी, बटण दाबल्यावर बॉनेटमधून दिवे वर येणारी. फिर्यादी आर्किटेक्ट. त्याने आणि त्याच्या मित्राने ती गंजलेल्या अवस्थेत आणून, एकेक भाग शोधून, रविवारी खपून उभी केली होती. कागदपत्रे मात्र फिर्यादीच्या नावावर. इमारत पुनर्विकासाला जाणार होती आणि भाड्याच्या घरी पार्किंग नव्हते, म्हणून त्याने ती पुण्याच्या एका गृहस्थाला विकायचे ठरवले. ताबा देण्याआधीच गाडी सोसायटीतून नाहीशी झाली.

गुन्हा दाखल करून आम्ही आधी मानखुर्दचे भंगारवाले पालथे घातले. तिथे पोचलेली गाडी सुटी होऊन संपते. कोणाकडेच ती आली नव्हती. वॉचमनच्या जबाबात मात्र एक गोष्ट होती. चोराने इंजिन सुरू करून गाडी बराच वेळ जागेवरच ठेवली होती, म्हणून मालकच असेल असे त्याला वाटले. जुने इंजिन तापू द्यावे लागते, हे मला फिर्यादीने सांगितले. पळायच्या घाईतला चोर इतका धीर धरत नाही.

"तुमच्या मित्राकडे किल्ली आहे?" मी विचारले.

"आहे. पण त्याचं नाव नका घेऊ साहेब. सख्खा भाऊ करणार नाही एवढं त्याने त्या गाडीसाठी केलंय."

मग खबऱ्याचा फोन आला. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद गाळ्यात, शटरच्या फटीतून, कव्हर घातलेली बुटकी गाडी दिसत होती. तिथे पहारा बसवला. गाळेमालक गावी गेलेला, त्याचा फोन लागेना. गाडी मिळाल्यात जमा होती. ती तिथे ठेवली कोणी, हे कळायचे होते.

मित्र भांडुपचा, कॉलेजात शिकवणारा. बोलावल्यावर वेळेवर आला, आपली किल्ली टेबलावर ठेवली. त्याचे एकही उत्तर चुकेना.

"मास्तर, तुम्ही आमचीच परीक्षा घेताय," हवालदार वैतागून म्हणाला.

"मग प्रश्न तरी नीट काढा."

तेवढ्यात दुसऱ्या हवालदाराने टोइंगवाल्याला फोन लावला. "मरोळला ये रे. शटर उघडलं की पुढून उचल, मागची चाकं ओढत आण."

मास्तर ताडकन उठले. "पुढून नका उचलू! गाडी गिअरमध्ये आहे. मागची चाकं ओढलीत तर गिअरबॉक्सची वाट लागेल!"

मास्तर सावकाश खाली बसले. गाडी ओळखायला बोलावलेला फिर्यादी दारात उभा होता, तो हवालदाराला म्हणाला, "मागून उचलायला सांगा." मग मित्राकडे वळला. "भांडायचं होतंस ना रे माझ्याशी."

"भांडलो की! तो पुण्याचा माणूस तिचं इंजिन काढून नवं बसवणार होता. आणि तू त्याला चहा पाजत होतास."

"मग ठेवू कुठे तिला? डोक्यावर?"

मास्तरांनी पंचांसमोर गाळ्याची चावी काढून दिली. अटक झाली, जामीन झाला. कॉलेजने त्यांना निलंबित केले. न्यायालयाने गाडी मालकाला परत देताना नेहमीची अट घातली: खटला निकाली निघेपर्यंत ती विकायची नाही, तिच्यात बदल करायचा नाही. पुण्याचा सौदा मोडला.

न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते, हे मी फिर्यादीला समजावले.

"करू की साहेब. घाई काय आहे?"

मला वाटले, मास्तर तरी घाई करतील. त्यांची नोकरी अडकली होती. पुढच्या सुनावणीला त्यांनीच वकिलाला आणखी पुढची तारीख मागायला लावली.

चोरीचा माल कोणाला हवा आहे, हे आम्ही आधी शोधतो. त्या मालाचे काय होऊ नये असे कोणाला वाटते, हा प्रश्न मी त्या प्रकरणापासून विचारू लागलो. मी निवृत्त झालो तेव्हा खटला प्रलंबित होता, आणि दोघांपैकी कोणाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.