नंबरकाका आणि हिरवी टाकी

चष्म्याच्या दुकानात पस्तीस वर्षं लोकांचे नंबर काढणाऱ्या या गृहस्थांना सगळी गल्ली नंबरकाका म्हणते. बोलता बोलता समोरच्याच्या नाकावरचा चष्मा उतरवतील, खिशातल्या मऊ फडक्याने पुसतील आणि परत चढवतील. त्याला पत्ताही लागायचा नाही. अशा माणसाच्या घरातली काचेची टाकी शेवाळाने हिरवीगार झाली होती.

टाकी लेकीची. नोकरीसाठी परगावी जाताना पाच मासे ती बापाच्या हवाली करून गेली. महिन्याने आली, तर मासे शोधावे लागले.

"बाबा, पुढच्या महिन्यात पुन्हा असंच दिसलं, तर यांना मैत्रिणीकडे देऊन टाकणार."

काका हसले खरे, पण मासे देऊन टाकायची कल्पना त्यांना मुळीच रुचली नाही. संध्याकाळी दुकानातून आलं की टाकीपुढे स्टूल टाकून बसायची त्यांना चटक लागली होती. तेवढा वेळ लेकीची खोली रिकामी वाटत नसे.

मग ते हात धुऊन शेवाळाच्या मागे लागले. एकाच रविवारी सगळं पाणी ओतून दिलं, खडे घासले, गाळणीतला स्पंज नळाखाली चोळला, औषध टाकलं आणि वर मोठा दिवा लावला. आठ दिवसांत टाकी पुन्हा हिरवी, आणि मासे बिचारे कोपऱ्यात गप्प.

बायको दारातून बघत होती. "काय हो, दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे सगळ्या काचा एकदमच घालता का?"

"छे! एकेक बदलायची. आणि दर वेळी विचारायचं, आता बरं दिसतंय की आधीचं?"

"मग इथे कुठे गेली ती अक्कल?"

काका ओशाळले, पण कामाला लागले ते स्वतःच्या पद्धतीने. आधी फक्त दिवा: दिवसभर जळायचा, तो सहा तासांवर आणला. चार दिवस निरखलं. थोडं बरं. मग पाणी: सगळं न बदलता आठवड्याला पाव टाकी, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळायचा. आणखी बरं. काचेवरचं शेवाळ जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडलं. मागच्या काचेवरचं मात्र माशांना कुरतडायला ठेवलं. शेवटी खाणं: दिवसातून एकदाच, एक चिमूट.

पण इथे घोडं अडलं. खडे दोन दिवसांत पुन्हा हिरवे, आणि खाण्याची डबी बघता बघता अर्धी!

एका दुपारी काका जेवायला लवकर घरी आले. पाहतात तो त्यांची ब्याऐंशी वर्षांची आई टाकीवर वाकलेली, मूठ उघडी.

"आई!"

"ओरडू नकोस, घाबरतील ते. सारखी तोंडं उघडतात रे. तू तर उपाशी मारायला निघालायस!"

"अगं, मी सकाळी घातलंय."

"तुम्ही घातलंत?" स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. "मला वाटलं विसरलात. मीही घातलं."

म्हणजे मासे दिवसातून तीनदा जेवत होते! सगळ्यात आधी आई फिसकन हसली, आणि मग कोणालाच हसू आवरेना.

त्या दिवसापासून डबी आईच्या ताब्यात गेली. रोज सकाळी चहानंतर एक चिमूट, तीसुद्धा काकांना दाखवून. इतर कोणी टाकीकडे नुसतं वळलं, तरी आई दटावायची, "झालंय त्यांचं!"

महिनाअखेरीस लेक आली. बॅग खाली न ठेवताच टाकीपुढे उभी राहिली. खडे पांढरे, पाणी नितळ, पाचही मासे एका रांगेत पुढच्या काचेशी आलेले. तिच्या पाठीमागे काका उभे होते, खिशातलं फडकं मुठीत घट्ट धरून.

"काय गं, आता बरं दिसतंय की आधीचं?"

लेक वळली. तिने बापाच्या नाकावरचा चष्मा अलगद उतरवला, त्यांच्याच फडक्याने पुसला आणि परत चढवला.

"बघा तुम्हीच. आणि मासे देत नाही, असं मैत्रिणीला मी कळवते."