एका बाजूनं चावणारी माणसं

दातवाला काही डॉक्टर नव्हता, आणि कोणी त्याला तसं म्हटलं तर तो चिडायचा. डॉक्टर लोक तोंडात बघत, माप घेत. ते माप याच्याकडे येई आणि हा मागच्या खोलीत बसून कवळ्या आणि कॅपा बनवी. प्लास्टरची पांढरी धूळ भांड्यांवर, केसांत, चहाच्या कपातसुद्धा. माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत, पण हाताखालून एकदा गेलेला दात तो जन्मात विसरत नसे. कॅप अशी हवी की वरच्या दाताला तिचा पत्ताही लागता कामा नये, असं त्याचं म्हणणं. जाड कॅप बनवणाऱ्याला तो सरळ लोहार म्हणायचा.

त्याची बायको हसायची ती थेट दाढा दिसेपर्यंत. सासूला ते कधी रुचलं नाही. हा मात्र त्या हसण्यावरच भाळला होता. धंद्याच्या नजरेनं बघायला गेलो आणि कायमचा अडकलो, असं चारचौघांत सांगायचा.

मग दिवस फिरले. बँकांची शटरं खाली आली, दुकानदार नोटांना हात लावेनात. शहाण्यांनी अदलाबदलीला उपयोगी पडेल असं मीठ, साबण, काडेपेट्या, मेणबत्त्या घरात भरल्या. ज्यांच्याकडे सोनं होतं त्यांची झोप उडाली, कारण बांगडी हातातून ओरबाडता येते आणि कपाट फोडता येतं. तोंडात कोण बघतंय, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि दातवाल्याच्या दारात रांग लागली. अंगठ्या, झुमके, लग्नातल्या साखळ्या, सगळं वितळवून दाढांवर. प्रत्येकाचा हट्ट एकच, की मावेल तितकं जाड बसव.

त्यानं आधी हुज्जत घातली. पण मजुरी तांदळात आणि तेलात मिळत होती, आणि पोट कुणाला चुकलंय? खोलीत डबे वाढत गेले तशी हुज्जत कमी होत गेली. शेवटी बायकोनं आपल्या आईच्या बांगड्या त्याच्यापुढे ठेवल्या. तिच्या उजव्या दाढांवर त्यानं सगळ्यांत जाड कॅपा बसवल्या. घरचंच काम, हात आखडता कशाला घ्यायचा? तिचे दात नीट मिटेनासे झाले. ती जबडा तिरका करून डावीकडून चावू लागली. होईल सवय, असं तो म्हणाला, आणि तिला ती झाली.

पोलीस चौकी आधी ओस पडली, मग जळली. किराणावाल्याला त्याच्याच वजनांनी ठेचलं. नदीच्या पुलावर एक टोळी बसली. तिचा म्होरक्या पूर्वी बसमध्ये कंडक्टर होता आणि अजूनही लोकांना ‘पुढे सरका’ असंच म्हणायचा. एका लुटीत म्हातारीच्या तोंडावर दांडकं बसलं आणि रक्ताबरोबर पिवळी दाढ रस्त्यावर पडली. तेव्हापासून टोळीनं पिशव्या तपासणं सोडलं आणि हातोडी उचलली.

सुरुवातीला दिसेल त्याचं तोंड फोडायचे. पण कंडक्टरचा जन्म फुकटे प्रवासी ओळखण्यात गेलेला. सोनंवाले सगळे एकाच बाजूनं चावतात, हे त्यानं हेरलं. मग तो पुलावर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक कडक टोस्ट ठेवू लागला. उपाशी माणसं त्याचे आभार मानायची. दोन्ही बाजूंनी चावला त्याला पलीकडे सोडायचे, एका बाजूनं चावला त्याला कठड्याशी न्यायचे.

दातवाला साबण देऊन पीठ मिळतंय का ते बघायला पुलाजवळ गेला, तेव्हा खाली चिखलात एक माणूस पडला होता. नाकाखाली चेहरा उरलाच नव्हता. पण हिरडीत अडकून राहिलेला फुटका सुळा त्यानं ओळखला; ते निवृत्त स्टेशनमास्तर होते, आणि त्यांची दाढ त्यानं हौसेनं मढवली होती. वर पुलावर टोस्ट एका बाजूनं चावणाऱ्या एका बाईला कठड्याशी नेत होते. हातोडी कंडक्टरची होती, पण माणसं निवडून देत होती ती आपलीच लोहारकी, हे त्याला तिथंच कळलं.

आग शेजारच्या गल्लीपर्यंत आली. जायला जागा एकच, पुलापलीकडे बायकोच्या बहिणीकडे. त्यानं तिच्या कॅपा काढायला घेतल्या. भूल देणारे डॉक्टर केव्हाच पळाले होते. बायकोनं तोंडात फडका कोंबला, तो पक्कड लावून ओढत राहिला, आणि दोन कॅपा दाढांसकट उपसून आल्या. मधेच तिनं त्याच्या थोबाडीत मारली आणि पुन्हा तोंड उघडलं. निघालेलं सोनं त्यानं मेण वितळवून एका मेणबत्तीच्या बुडात बसवलं. दुखलं तरी दोन्हीकडून चाव, असं तिला दहादा बजावलं.

पुलावर कंडक्टरनं तिच्या हातात टोस्ट दिला. ती भीतीनं गारठली होती. जिभेनं घास आपोआप डावीकडे ढकलला, जबडा तिरका झाला. त्यांनी तिचे केस धरून तोंड उघडलं, तर आत उघड्या जखमा. हातोडी वर गेली.

"कुणी काढलं?" कंडक्टरनं विचारलं.

"मी," दातवाला म्हणाला. "बसवलंही मीच. सगळ्यांचं."

त्यानं मेणबत्ती पुढे केली. कंडक्टरनं ती मोडून बघितली आणि त्याला शेजारी स्टूल दिलं. तू नुसता तोंडात बघ आणि सांग, म्हणजे उगाच हातोडी चालवायला नको, असा त्याचा व्यवहार. दातवाल्यानं एकच अट घातली, की आधी हिला पलीकडे सोडा. तिला सोडलं.

टोस्ट एका बाजूनं खाणारी पहिली बाई शाळेत शिकवणारी होती. त्यानं वाकून पाहिलं. ती दाढ त्यानं अंधारातही ओळखली असती. "रिकामं आहे," तो म्हणाला, "किडलीय म्हणून चावत नाहीत." बाई गेल्या. त्यांच्यामागून आलेलेही असेच रिकामे निघत गेले. शेवटी टोळीतल्या एकाला संशय आला आणि त्यानं असल्याच एका रिकाम्या माणसाचं तोंड फोडलं. सोनं टणकन खाली पडलं.

कंडक्टर आवाज न चढवता दातवाल्याचा हात कठड्यावर ठेवत म्हणाला, "फुकट सोडलेस ना? आता भर." प्रत्येक बोटाला तो ‘पुढे सरका’ म्हणायचा आणि हातोडी पुढच्या बोटावर यायची. मग दुसरा हात. मग तोंडही.

बायको बहिणीकडे गेलीच नव्हती. पलीकडच्या टोकाला बसून होती. त्याला पलीकडे फेकल्यावर तिनं त्याला काखेत धरून बहिणीच्या घरी ओढत नेलं.

पुढे एक दिवस शिक्षिका बाई शोधत आल्या. दाढ काढून द्या, मला जगायचंय, म्हणाल्या. दातवाल्याची बोटं मिटत नव्हती. बायकोनं पक्कड घेतली. "आधी हलव, मग ओढ," तो फुटक्या तोंडानं सांगत राहिला. बाई किंचाळल्या, सोनं वाटीत पडलं. बाईंनी ते मजुरी म्हणून पुढे केलं, तर बायको म्हणाली, हे ठेवा आणि मऊ पाव मिळाला तर आणा.

पाव दुसऱ्या दिवशी आला. तिनं तो दुधात बुडवून त्याला भरवला आणि मधेमधे स्वतःही खाल्ला. डावीकडूनच. तो तिच्या जबड्याकडे बघत रडत होता.

"माझ्या तोंडाकडे काय बघताय?" ती म्हणाली. "तोंड उघडा."