कोळशाच्या रेघा

निपाणीजवळच्या आमच्या गावात समाजमंदिराच्या पत्र्यावर सौर पॅनेल बसलं, तेव्हा मी बेळगावात कॉलेजला होतो. शनिवारी बसनं घरी येत असे. दिवसभर विड्या वळून दमलेल्या बायका संध्याकाळी समाजमंदिरात जमत आणि पॅनेलवर चालणाऱ्या एकुलत्या ट्यूबखाली अक्षरं गिरवत. दाराची किल्ली, बॅटरी आणि मीटर आप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे होतं. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत हमाली केलेल्या आप्पांवर पहिल्यांदाच कुणी किल्ली सोपवली होती.

आप्पांना लिहिता येत नव्हतं. रोज दुपारी बाराला ते मीटरसमोर उभे राहत आणि काटा जितका कलला असेल तितकी तिरकी रेघ कोळशानं भिंतीवर ओढत. मला ते भिंत घाण करणं वाटे.

शिमग्यानंतर ऊन कडक झालं आणि ट्यूब लवकर विझू लागली. वर्ग पाऊण तासात संपे.

"आप्पा, तुमचा सूर्य आमच्या आधीच झोपतोय व्हय?" वर्गातली एक आक्का सगळ्यांसमोर म्हणाली. "का बॅटरी घरात रेडिओला लावताय?"

बायका हसल्या. आप्पा हसले नाहीत.

घरी जाताना मला म्हणाले, "उन्हानं दमतंय ते. थंडीत काटा लई वर जायचा. आता पत्रा तापतोय, त्याला चिकटून हे बी तापतंय. खालनं वारं लागाय पायजे."

"आप्पा, उन्हावर चालणारं यंत्र उन्हानं कसं दमेल?"

"मी रोज बघतोय न्हवं."

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. सीमाप्रश्नाची, विडी कामगारांच्या संपाची, पाणवठ्याच्या लढ्याची. मी वाचायला शिकलो तो त्यांवरच. प्रत्येक गोष्टीत कुणीतरी दोषी असतो, एवढं मला तेव्हाच पाठ झालं होतं. बेळगावला परतलो आणि एका रात्रीत पत्रक लिहिलं. मथळा होता, 'आमच्या वाट्याला बनावट सूर्य!' पॅनेल नकली आहे, गरिबांच्या वस्तीला मुद्दाम टाकाऊ माल दिला, वगैरे. सगळी वाक्यं ठाम होती. तपासलेलं एकही नव्हतं. छापून घेतलं आणि निपाणीच्या बसस्टँडवर स्वतः वाटलं.

पुढच्या शनिवारी आलो तर आप्पा खुशीत होते. बोल्ट सैल करून त्यांनी पॅनेलखाली विटांचे तुकडे सरकवले होते. "आता वारं जातंय. काटा चढलाय, भिंतीवर बघ जा."

मी बघितलं नाही. जयंती चार दिवसांवर होती. दरवर्षीप्रमाणे आम्ही पोरांनी रविवारी समाजमंदिराला चुना मारला. ती भिंत माझ्या वाट्याला आली. कोळसा सहज जात नव्हता, म्हणून मी दोन हात जास्त दिले. आप्पा तेव्हा झेंड्याच्या कामाला गेले होते.

जयंतीसाठी मी गावातच थांबलो होतो. सोमवारी पॅनेल बसवणाऱ्या सरकारी योजनेचे साहेब आले. हातात माझं पत्रक होतं. कुणी लिहिलं, हे त्यांनी विचारलंच नाही. सरळ शिडीवर चढले.

"बोल्ट कुणी सैल केले?"

"मी," आप्पा म्हणाले. "गरम हुतंय साहेब, म्हणून काटा पडतोय. वारं दिलं तर चढतोय."

"तुम्ही इंजिनिअर काय?"

"न्हाय. पण रोजचं लिवलंय मी."

'लिवलंय' म्हणाले. ते साहेबांना आत घेऊन गेले आणि भिंतीकडे हात केला. भिंत पांढरी होती. आप्पांचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मी दारात उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी पुसलं, एवढंच मला म्हणायचं होतं. भर चौकात घोषणा देणारा मी, ते म्हणालो नाही.

साहेबांनी विटा काढून पॅनेल पुन्हा पत्र्याला आवळलं. छेडछाड केली म्हणून किल्ली घेतली आणि पंचायतीच्या शिपायाला दिली. आक्का म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?"

कॉलेजात विज्ञानाच्या सरांना मी विचारलं. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नको. तापलं की विजेचा दाब उतरतो. थंड हवा आणि स्वच्छ ऊन, तेव्हा ते सगळ्यात चांगलं चालतं. मी वहीत उतरवून घेतलं. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. बसची वेळ झाली होती, एवढं आठवतं.

श्रावणात दोन दिवसांच्या झडीनंतर एका दुपारी लख्ख उघडीप पडली. वारा गार होता. पावसानं पॅनेल धुऊन निघालं होतं. समाजमंदिराला कुलूप होतं. मी खिडकीच्या गजातून आत बघितलं. काटा उन्हाळ्यात कधी नव्हता इतका वर होता.

घरी आलो. आप्पा उंबऱ्यावर बसून दोरी वळत होते.

"आप्पा, काटा लई वर हाय."

त्यांनी मान वर केली नाही.

"व्हय. ठावं हाय," म्हणाले, आणि दोरीला पीळ दिला.