रंग वाळेपर्यंत

अंघोळ झाली, कपाळाला विभूती लागली, तळहातावरच्या लिंगाची पूजा आटोपली, की विरुपाक्षअप्पा ओसरीवरच्या खुर्चीकडं वळायचे. आधी ओलं फडकं, मग कोरडं. पाठ, दोन्ही हात, बैठक, शेवटी चारी पाय. फडकं पिळून तारेवर टाकायचे आणि खुर्चीशेजारच्या पायरीवर टेकायचे. खुर्चीत कधीच नाही.

शैलश्री निंबर्ग्याहून सून म्हणून बसवकल्याणात आली, तेव्हा तिला यात नवल वाटलं नव्हतं. अप्पा कचेरीत शिपाई होते. एकतीस वर्षं साहेबाच्या खुर्चीमागं उभं राहिलेला माणूस, बसायची सवय नसेल, असं तिनं धरून टाकलं. कचेरीतलं जुनं सामान निघालं तेव्हाच ही खुर्ची त्यांनी हातगाड्यावर घालून घरी आणली होती. सागवानी, जड, पाठ अगदी सरळ, आणि बैठक इतकी ऐसपैस की मोठ्या माणसाला सहज मांडी घालून बसता यावं.

त्या मांडीचा अर्थ तिला लग्नानंतर महिन्याभरानं कळला. सकाळीच दार वाजलं. दारातला माणूस तिला म्हणाला, "अप्पाला सांगा, खुर्ची पायजे." एवढंच. अप्पांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि खुर्चीचा एक हात धरला. दुसरा त्या माणसानं धरला.

त्यांच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं करून नेत नाहीत. न्हाऊ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात. हार घालतात, मान कलू नये म्हणून कपाळाशी पट्टी बांधतात, आणि तसंच बसल्या बसल्या मिरवत नेऊन मातीत बसवतात. प्लास्टिकच्या खुर्चीत मांडी मावत नाही, लोखंडी खुर्ची घसरते. त्यामुळं गल्लीत कुणीही गेलं की अप्पांचीच खुर्ची जायची. संध्याकाळी परत यायची ती धुतलेली, पण हातांवर दोरीचे वळ आणि कुठल्यातरी सांध्यात झेंडूची एखादी पाकळी घेऊन. त्यानंतर दोन दिवस अप्पांना भाकरी गोड लागायची नाही.

दिवाळीत अप्पांना कलबुर्गीच्या दवाखान्यात नेलं. छातीत जाळी बसवली. घरी आल्यापासून शैलश्रीचा एक कान सारखा दाराकडं असायचा. दार वाजलं की हातातलं पीठ तसंच राहायचं. एखाद्या सकाळी कुणी मागायला येणार नाही आणि तरीही खुर्ची लागेल, हा विचार तिनं कुणालाच सांगितला नाही. नवऱ्याला, गुरुबसवला, ती फक्त म्हणाली, "त्या खुर्चीला रंग देते. घरात कायतरी चांगलं दिसंल."

गुरुबसवनं मान हलवली. त्याचं सगळं लक्ष बसस्टँडजवळच्या दुकानात. अप्पांना मात्र विचारावं लागलं.

"रंगवून काय करायलीस तिला?" अप्पा म्हणाले.

"तुमी बसा की तिच्यावर. घरची खुर्ची हाय, घरच्यानं बसावं."

"आन् कुणी मागाय आलं तर?"

"रंगीत खुर्ची कोण मागतंय, अप्पा?"

 अप्पा पायरीवरून उठत म्हणाले, "बघ बाई. तुझ्या मनाला बरं वाटत आसंल तर कर."

तिनं मोबाइलवर चार-पाच व्हिडिओ पाहिले. पॉलिश पेपर, खाचा भरायची लांबी, प्रायमर, मोरपंखी ऑइल पेंट आणि दोन बारीक ब्रश मागवले. अंगणात पोतं अंथरून खुर्ची उलटी केली, आणि थबकली. बैठकीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं नावं लिहिलेली होती. कन्नडमध्ये, कचेरीतल्या रजिस्टरसारखी, एकाखाली एक. कोण कोण या खुर्चीतून गेलं ते. मधे एक नाव तिला ओळखीचं, तिच्या सासूचं. वरची नावं पुसट, खालची ठळक, आणि सगळ्यांत शेवटी दोन बोटं कोरी जागा.

पायरीवरून अप्पा बघत होते. "ते राहू दे," म्हणाले. "खालून कोण बघतंय?"

तिनं ती बाजू तशीच ठेवली. बाकी सगळं घासलं. दोरीचे वळ जाता जात नव्हते, तिथं तिनं लांबी दाबून भरली. तिसऱ्या दिवशी मोरपंखी रंगाचा दुसरा हात झाला. चौथ्या दिवशी ती बारीक ब्रश घेऊन बसली आणि पाठीच्या दोन्ही बाजूंनी, हातांवरून खाली सोडल्यासारख्या, झेंडूच्या माळा काढल्या. पिवळं एक, केशरी एक. मधेमधे हिरवी पानं. बैठकीवर सासूच्या इरकल साडीची गादी शिवून घातली. खुर्ची दाराशी उन्हात ठेवून ती चार पावलं मागं सरली. खूप दिवसांनी तिला आपल्याच हातांचं कौतुक वाटलं.

तेवढ्यात समोरून वीरण्णा आला. पलीकडच्या घरातला, दुधाची किटली घेऊन निघालेला. खुर्ची बघून तो थांबला. किटली खाली ठेवली, चपला काढल्या, डोक्यावरची टोपी हातात घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "कवा झालं, अक्का?"

तिला आधी समजेना. मग समजलं. दारात खुर्ची, खुर्चीवर नवं कापड, दोन्ही बाजूंनी झेंडूच्या माळा. तिच्या हातानं, चार दिवस राबून.

आतून अप्पा बाहेर आले. वीरण्णा दचकून एक पाऊल मागं गेला.

"आजून न्हाई रे," अप्पा म्हणाले, आणि इतके हसले की त्यांना खोकला आला. "सून तयारीनं हाय माजी."

"शिवा शिवा! काय बोलायलाव अप्पा! म्या दूध सांडलो आसतो की!" वीरण्णाही हसला. शैलश्रीला हसता आलं नाही. तिनं खुर्ची ओढत आत नेली. त्या रात्री गुरुबसवला म्हणाली, फुलं खरवडून काढते. तो म्हणाला, राहू दे, छान दिसायलीत.

अप्पा खुर्चीत बसले नाहीत. रंग ओला असेल म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले.

आठवड्यानं, सकाळी अकराच्या सुमारास दार वाजलं. अप्पा दाढी करायला गेले होते. दारात वीरण्णा. पायात चपला नव्हत्या. त्याची आई रत्नम्मा, जी शैलश्रीला येता-जाता "काय गं निंबर्गेवाली" म्हणून चिडवायची, पहाटे गेली होती.

"खुर्ची पायजे, अक्का."

खुर्ची बाजूलाच, ओसरीवर, त्याला दिसत होती. शैलश्रीलाही दिसत होती. खुर्ची आता दाराबाहेर गेली की संध्याकाळी वळ घेऊन परत येणार, आणि दार पुन्हा वाजायला लागणार.

"रंग ओला हाय, अण्णा," ती म्हणाली. "आईच्या लुगड्याला लागंल."

वीरण्णानं खुर्चीकडं पाहिलं. हात लावून बघितलं नाही. "बरं," म्हणाला आणि गेला.

अप्पांना न्हाव्याच्या दुकानातच कळलं. अर्धी दाढी तशीच टाकून ते चौकात गेले. रत्नम्माला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. मांडी मावली नव्हती, एक गुडघा बाहेर राहिला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्चीची पाठ वाकत होती म्हणून मागून बांबू बांधला होता, आणि तरीही वळणावर म्हातारी एका अंगाला कलली. वीरण्णानं ट्रॉलीत उभं राहून शेवटपर्यंत आईला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

हे सगळं अप्पांनी सांगितलं नाही. शेजारच्या बायकांनी सांगितलं. अप्पा घरी आले, अंघोळ केली आणि पेन्सिल मागितली. खुर्ची उलटी करून, त्या दोन बोटं कोऱ्या जागेपुढं ते पेन्सिल घेऊन बसले. शैलश्री आतल्या दाराला धरून उभी. तिला वाटलं, आता रागावतील, एकदा रागावले की सुटेल. अप्पांनी काहीच लिहिलं नाही. खुर्ची सरळ केली, पेन्सिल तिच्या हातात परत दिली.

त्या दिवशी भाकरी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. ओलं फडकं, मग कोरडं. फडकं तारेवर टाकलं. आणि अप्पा खुर्चीत बसले. मांडी घालून, पाठ सरळ, दोन्ही हात केशरी-पिवळ्या माळांवर. शैलश्री चुलीपाशी गेली, चहा उकळला, गाळला, कप घेऊन बाहेर आली. अप्पा तसेच होते. मानसुद्धा कलली नव्हती.

त्या दिवशी खुर्ची मागायला कुणाला कुठं जायची गरज पडली नाही. दार उघडंच होतं. वीरण्णा सगळ्यांत आधी आला, पुढच्या बाजूचा हात त्यानंच धरला. हार फार लागले नाहीत. उचलताना कुणीतरी म्हणालं, मिरवायला कशी शोभून दिसते खुर्ची. शैलश्रीनं ऐकलं.

संध्याकाळी खुर्ची परत आली. बायका तिच्याभोवती बसल्या. अप्पांसारखा माणूस, पूजा करून बसल्या जागी गेला, जाताना काहीतरी बोलला असेल. एखादं संतवचन, नाहीतर शिवाचं नाव. सगळ्याजणी विचारत होत्या. शैलश्री 'काही बोलले नाहीत' असंच सांगत राहिली.

अप्पा बोलले होते. खुर्चीत टेकल्यावर त्यांनी डाव्या हातावरच्या फुलांवरून बोट फिरवलं, ते बोट उजेडात धरून बघितलं, आणि आत वळणाऱ्या तिला नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "वाळलाय की गं रंग. चहा टाक जरा."