मशीनवर शिवलेला पडदा

हे मी आमच्या ह्यांना कधी सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवाला ठाऊक आहेच, पण त्यालाही मी आपण होऊन सांगायला गेले नाही. बघितलं असेल त्याने, म्हणून गप्प राहिले. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांत मी फार वर्षं चांगली बाई होते, आणि ती सवय लागली की सुटता सुटत नाही.

मासळीपासून सुरुवात करते. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही ठाण्याला कोपरीत राहायचो. मूळचे नगरकडचे, सासरमाहेर दोन्हीकडे जुने ख्रिस्ती. नगरकडच्या माणसाला मासळीतलं काय कळतं? मला कोलंबी सोलायला शेजारणीने शिकवली. आणि अशा आमच्या घरात दर आठवड्याला फुकट मासळी यायची! खाडीतली कोलंबी, बोईट, कधी नशीब जोरावर असलं तर चिंबोऱ्या, नांग्या बांधलेल्या, जिवंत. हिराबाई आणायची. चेंदणीच्या कोळीवाड्यातली, डोक्यावर पाटी, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरची झोपलेली पोरं उठायची. पैसे देऊ केले की जीभ चावायची. "तुमच्याकडून पैसं? पाप लागल मना!"

मी ती मासळी घेतली. वर्षानुवर्षं घेतली, तळली, कालवण केलं, पाहुण्यांना वाढली. आणि ती कशाबद्दल होती — तर मी न केलेल्या प्रार्थनेबद्दल.

झालं होतं असं. हिराबाईची लेक कुसुम, शहाडला दिलेली. सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मूल एवढंसं, कल्याणच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं. डॉक्टरांनी हात वर केलेले. हिराबाई माझ्या दारात आली ती पाटी न घेता, आणि मी तिला पाटीशिवाय पहिल्यांदाच बघत होते. हात नुसते लोंबत होते तिचे. म्हणाली, "बाय, तुमच्या देवाला सांगा ना. तुमी रोज बोलताव त्याच्याशी."

मी तिचे हात धरले. रोज पहाटे उठून सांगेन म्हणाले. अगदी डोळ्यात पाणी आणून म्हणाले, आणि ते पाणी खरं होतं, त्यात काही नाटक नव्हतं.

पहिल्या दिवशी विसरले. दुसऱ्या दिवशी आठवलं तेव्हा नळाला पाणी आलेलं. तिसऱ्या दिवशी लाज वाटायला लागली, आणि लाज वाटली की माणूस देवाच्या वाटेला जातच नाही, खरं ना? एकदाही नाही केली. एक वाक्यसुद्धा नाही. रोज सकाळी ती कल्याणला जाताना खालून हाक मारायची, "बाय, सांगितलाव ना?" आणि मी गॅलरीतून मान हलवायची.

मूल जगलं. मुलगी. हिराबाई धावत आली ती हातात जिताडा घेऊन, केवढा तरी मोठा, शेपटी जमिनीला लागत होती. माझ्या पायाशी ठेवला. आणि मी, बया, तो उचलला!

मग काय, बोभाटा झाला. कोपरीतल्या बाईंची प्रार्थना लागते! कोणाच्या मुलाची दहावी, कोणाच्या नवऱ्याची बदली, कोणाची सासू. बायका यायच्या, मी त्यांच्यासमोर डोळे मिटायची, ओठ हलवायची, आणि आत काय चाललेलं? कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं ते. आमचे हे मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, सेक्रेटरी, सगळा मान त्यांना. मला विचारतं कोण? चहा टाका, सतरंज्या घाला. आणि इथे बायका माझ्या तोंडाकडे टक लावून बघतायत. कोणाला नाही आवडणार?

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? प्रार्थना करते म्हणून सांगायचं आणि करायची नाही, हे अर्धं जग करतं. बरोबर. पण एवढंच नाही. मघाशी त्या दारातल्या बोलण्यातलं एक वाक्य मी गाळलं. सांगते — पण आधी मी रविवारी मुलांना काय शिकवायची ते सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणारच नाही.

आमची मंडळी लहान, एका शाळेचा हॉल रविवारपुरता मिळायचा. शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा वर्ग, माझ्याकडे. आणि माझा आवडता धडा एकच, जुन्या याजकांचा. मुलांना मी रंगवून सांगायची: बघा, जुन्या करारात देवाजवळ कोणीही उठून जाऊ शकत नव्हतं. मधे याजक लागायचा. तोही असातसा नाही, पहिला मुख्य याजक अहरोन, त्याच्याच वंशातला. छातीवर बारा खडे जडवलेला ऊरपट, झग्याच्या काठाला सोन्याच्या घंट्या. लोकांनी अर्पण आणायचं, त्यातला वाटा याजकाला. आणि देवाच्या तंबूत अगदी आत, जाड पडद्याच्या मागे, परमपवित्र जागा. तिथे फक्त मुख्य याजक, तोही वर्षातून एकदाच, आधी स्वतःच्या पापासाठी बळीचं रक्त घेऊन. का? कारण तोही आपल्यासारखाच चुकणारा. मरायचा, मग दुसरा यायचा. तंबूत दिवा होता, मेज होतं, धूप होता, पण याजकाला बसायला जागा कुठेच नव्हती. काम संपायचंच नाही तर बसणार कधी?

आणि मग येशू. इथे माझा आवाज चढायचा. तो मुख्य याजक झाला आणि अर्पणही तोच झाला. एकदाच, सगळ्यांसाठी, कायमचं. काम संपलं आणि तो देवाच्या उजवीकडे बसला. बसला, मुलांनो! तो मेला त्या घटकेला, तंबूच्या जागी पुढे बांधलेल्या मंदिरातला पडदा वरून खालपर्यंत टरकला. आता मधे कोणी नको. मी विचारायची, "आता आत कोण जाऊ शकतं?" आणि सगळी पोरं छप्पर उडेल अशी ओरडायची, "कोणीही!"

हे आम्ही ख्रिस्ती मानतो, बरं का. ठाण्यात इस्राएली, म्हणजे ज्यू, घरं आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची, शनिवार पाळणारी, मराठी बोलणारी. त्यांचं म्हणणं वेगळं, आणि त्यांच्याशी वाद घालायला मी इथे बसलेली नाही. माझा वाद माझ्याशीच आहे.

तर ते गाळलेलं वाक्य. माझे हात धरून हिराबाईने त्या दिवशी विचारलं होतं, "बाय, मीच सांगितला तं आयकल का तो?"

आणि मी म्हणाले — मी, जिने आदल्याच रविवारी "कोणीही" म्हणून पोरांचे घसे बसवलेले — मी म्हणाले, "तसं नसतं गं हिराबाई. त्याची एक रीत असते. तुझं नाही ऐकणार तो. मी सांगते ना."

का म्हणाले? तिने स्वतः सांगितलं असतं तर मग मी कशाला लागले असते? एवढंच कारण होतं. दुसरं शोधलं, नाही सापडलं.

तर ही मी. ऊरपट नाही, घंट्या नाहीत, अहरोनाचा वंश तर नाहीच नाही. आणि याजकाचा वाटा मात्र दर आठवड्याला पाटीतून घरपोच! येशूने जे पद कायमचं संपवलं म्हणून मी रविवारी पोरांसमोर गर्जायची, ते सोमवारपासून कोपरीत मी परत चालू केलेलं.

उत्तम शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, आमची मुलं या पडद्याचं नाटक करायची. सासूबाईंची जुनी जांभळी साडी मधोमध कापून दोन पाट केलेले. दरवर्षी मी ते धावदोऱ्याने जोडायची, कच्चा दोरा, म्हणजे नाटकात दोन पोरांनी दोन बाजूंनी ओढलं की टर्रकन फाटायचं. पुढच्या वर्षी परत जोडायचं. दरवर्षी फाडायचा, दरवर्षी मीच शिवायचा. मागे आमची पत्र्याची ट्रंक, सोनेरी कागद लावलेली. तो कराराचा कोश, देवाच्या आज्ञांची पेटी, आणि त्याचं झाकण म्हणजे दयासन. मुलांना मी बजावून ठेवलेलं, त्याला हात लावील तो मरतो.

एके वर्षी धावदोरा ऐन नाटकात आधीच सुटला आणि याजकाची विजार दिसली. फार हसू झालं. म्हणून पुढच्या वर्षी — नव्वदच्या आसपास, मी हप्त्यावर शिलाई मशीन घेतलेलं — मी पडदा मशीनवर मारला. दुहेरी टीप. म्हटलं, आता बघू कसा सुटतो ते.

त्या वर्षी हिराबाईला मीच बोलावलेलं. मिरवायला, दुसरं काय? हॉलभर माणसं माझी मासळीवाली भक्तीण बघतील म्हणून. ती आली, ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली, बरोबर नात. जाई, तीच काचेच्या पेटीतली. आता दोन वेण्या घालून सगळ्या हॉलभर पळत होती.

नाटक सुरू झालं. येशू मेला. मुलं स्टुलांवर चढली आणि पडदा ओढला. हूं नाही की चूं नाही. परत ओढला. माझी टीप होती ती, पक्की! एक पोरगं लोंबकळलं, एक रडायला लागलं. वचन वाचणाऱ्या मुलाने, पडदा फाटला, हे तीनदा वाचलं, आणि पडदा तसाच. लोक खुसूखुसू हसायला लागले. मी बाजूलाच उभी.

हिराबाई मागून उठली. काष्टा आवळला, "सरका रे पोरानू" म्हणत स्टुलावर चढली. वरचा दोरा दाताने तोडला आणि जाळी उसवणाऱ्या त्या हातांनी पडदा फाडला. वरून खालपर्यंत, बरोबर वरून खालपर्यंत! काय तो आवाज! मग ती माझ्याकडे वळली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आता आत कोन पन जाऊ शकतंय का, बाय?"

हीच वेळ होती. हो म्हणायचं होतं फक्त. तेवढंही म्हटलं नाही मी.

पण पोरांना कोण थांबवणार? प्रश्न ऐकला आणि सवयीप्रमाणे सगळीच्या सगळी ओरडली, "कोणीही!"

आणि जाई धावली. फाटलेल्या पडद्यातून आत, थेट ट्रंकेवर चढली आणि दयासनावर मांडी घालून बसली. पोरांना वाटलं, आता ही मरणार! ती मेली नाही. पाय हलवत सगळ्यांकडे बघून हसली. जिथे मुख्य याजकाला उभ्याने थरथरत जावं लागायचं, तिथे कोळ्याची पोर बसली होती. पाळकसाहेब हसत हसत रडत होते. कोणीतरी हालेलूया म्हटलं, मग सगळ्या हॉलने टाळ्या धरल्या. उत्तम शुक्रवारी आमच्यात कधी टाळ्या वाजत नाहीत. त्या दिवशी ईस्टरच झाला.

आणि मी? मी हरले होते. इतकी पुरती हरले, आणि छाती भरून आलेली, आनंदाने! जे मी शिकवत होते ते खरं होतं. माझ्याशिवाय खरं होतं. मला वगळून, मला डावलून, माझी दुहेरी टीप तोडून खरं होतं.

पुढच्या आठवड्यात हिराबाई आली. पाटी उतरवली. मी ताट घेऊन पुढे झाले. तिने पाटीवर हात ठेवला आणि म्हणाली, "कोलंबी हाय. बोला, किती घेताव?"

मला कळलं. त्या दिवशी दारात मी खोटं सांगितलं हे तिला कळलंय, हे कळलं. मी आत जाऊन पाकीट आणलं. तिने कोलंबी मोजून ताटात टाकली आणि मान वर न करता म्हणाली, "तवा पन मी सांगतच व्हते, बाय. दवाखान्याच्या जिन्यावर बसून, रोज. तुमी नाय म्हनलाव तरी. पोर माजी, मी गप कशी बसन? तुमच्या देवाला, आमच्या एकवीरेला, ज्यो जागा असल त्याला." मग हसली, आणि भाव एक पैसाही कमी केला नाही.

नंतर कित्येक वर्षं मी तिच्याकडून विकत मासळी घेतली. आमची दर खेपेला भांडणं व्हायची, ताजी आहे की शिळी यावरून. अशी मोकळी भांडणं आधी कधी झाली नव्हती. पडदा मी परत शिवला नाही. नाटकात त्याचे दोन पाट तसेच बाजूला टांगायचो. कोणी प्रार्थना सांगायला आलं की मी म्हणायची, बस, आपण दोघी मिळून सांगू, आधी तू.

पण हिराबाईला मी तोंडाने कधी कबुली दिली नाही. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसले होते, जाई चहा घेऊन आली होती, बोलायला सवड होती. बोलले नाही.

मूल काचेच्या पेटीत होतं, आजी माझ्या दारात उभी होती, आणि मी तिला म्हणाले होते, तुझं नाही ऐकणार तो. मी म्हणाले होते.